ठेव लावलेलं काम

सोमवारी सकाळी साडेदहाला तायडेबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, निमकर सरायचं काम दिसून नाही राह्यलं.”

“दिसत नाही म्हणजे?”

“यादीत नाही. मी दोनदा पाह्यलं.”

“संपलं असेल.”

“दहा दिवसाचं काम सातव्या दिवशी कसं संपन?”

मी चहाचा कप खाली ठेवला. तारीख होती १५ एप्रिल १९९६. बाहेर त्रेचाळीस डिग्री तापमान होतं आणि तायडेबाईंच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर होता. वऱ्हाडातल्या त्या विद्यापीठात मशीनची खोली तेवढी वातानुकूलित होती, आणि मशीन तापू नये म्हणून ती इतकी गार ठेवत की बाई बारा महिने स्वेटर घालून बसत. खोलीत चप्पल-बूट घालून जायला बंदी होती. दारात कुणाच्या चपला आहेत त्यावरून आत कोण आहे ते बाहेरच्यांना कळायचं. बाईंच्या चपला सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत एका ठरलेल्या फरशीवर असायच्या. त्या तिथे नऊ वर्षं ऑपरेटर होत्या, रोजंदारीवर. दर एकोणतीस दिवसांनी त्यांना एक दिवस घरी बसवून नवी ऑर्डर द्यायचे. कायम करण्याची फाइल शेवटी एकदाची तयार झाली होती आणि येत्या गुरुवारी ती केंद्रप्रमुखांच्या शिफारशीसह पुढे जायची होती.

आता माझ्याबद्दल. मी पुण्याहून एका वर्षाच्या करारावर तिथे गेलेला सिस्टिम प्रोग्रॅमर. वय सव्वीस. आपल्या हातून चूक होऊ शकते हे तोवर मला नुसतं ऐकून माहीत होतं.

विद्यापीठात एकच मोठं मशीन होतं आणि त्याला बारा टर्मिनलं जोडलेली होती. टर्मिनलवर तुम्ही हुकूम टाइप करायचा, मशीनने तो पाळायचा. मधे बसून हुकूम ऐकणारा आणि मशीनकडून काम करून घेणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला शेल म्हणतात. आमचा जुना शेल फार साधा होता. एक काम चालू केलं की ते संपेपर्यंत टर्मिनल अडून राहायचं. काम मागे चालू ठेवून उठावं, तर ते कुणाचं, किती दिवसांचं, याचा पत्ता लागायचा नाही. लोक कामं टाकून जायचे आणि विसरायचे. एकदा तर एका सेवानिवृत्त प्राध्यापकांचं काम ते निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी चालू असलेलं सापडलं. मशीन मुंगीच्या पावलाने चालायचं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला दोष द्यायचा.

“हे बेवारशी कामांचं काहीतरी कर बाबा,” केंद्रप्रमुख गावंडे सर मला आल्या आल्या म्हणाले होते.

मी केलं. तीन महिने खपून शेल नव्याने बांधला आणि हौसेने हुकूमही मराठी ठेवले. ‘काम’ म्हटलं की चालू कामांची यादी येई. ‘थांब’ म्हटलं की काम आहे तिथे थांबे, ‘चाल’ म्हटलं की तिथूनच पुढे सुरू होई. टर्मिनलवर ‘बाहेर’ असा हुकूम देऊन माणूस बाहेर पडला की त्याची मागे राहिलेली सगळी कामं शेल आपोआप बंद करी. फक्त ज्यांना ‘ठेव’ लावलेलं असेल ती तेवढी राहू देई. बेवारशी कामांचा प्रश्न आठवड्यात मिटला. गावंडे सरांनी इतर दोन विद्यापीठांना पत्रं लिहिली की आमच्याकडे असं असं झालंय, पाहायला या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

हे हुकूम सगळ्यात आधी आपलेसे केले ते तायडेबाईंनी. परीक्षा विभागाच्या गुणपत्रिका दुपारी छापायला आल्या की त्या लांबलचक कामांना ‘थांब’ देत आणि म्हणत, “झोपवलं सगळ्यायले.” छपाई संपली की ‘चाल’ देऊन उठवत. मशीनबद्दल कुणी इतक्या घरगुती आवाजात बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

निमकर सरांचं काम दहा दिवसांचं होतं. ते भूगर्भशास्त्राचे प्रमुख. खारपाणपट्ट्यात कुठल्या गावी किती खोलीवर किती खारं पाणी आहे, याचं ते गणित होतं. महिनाअखेर त्यांना नागपूरला एका बैठकीत ते मांडायचं होतं. मंगळवारी बाईंनीच ते चालू करून दिलं होतं. आणि आता ते यादीत नव्हतं.

मी शेलची नोंद उघडली. कोण कधी आलं, कधी गेलं, कुठलं काम कधी बंद झालं, हे सगळं शेल लिहून ठेवत असे. शनिवार, पाच बत्तीस. ऑपरेटर बाहेर. निमकरांचं काम: ठेव नाही, म्हणून बंद.

“बाई, तुम्ही ठेव लावलं नव्हतं,” मी म्हणालो.

“लावलं व्हतं. मंगळवारी.”

“नोंदीत नाही.”

बाईंनी पडद्यावर वाकून ती ओळ दोनदा वाचली. “मंगळवारपासून रोज संध्याकाळी मी बाहेर पडत होती. काम राहत होतं. मंग शनिवारीच काहून गेलं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. तो मी त्याच क्षणी स्वतःला विचारला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण तेवढ्यात गावंडे सरांचा शिपाई बोलवायला आला. निमकर सरांना बातमी कळली होती आणि ते सरांच्या खोलीत येऊन बसले होते. मी नोंदीचा कागद छापून घेतला आणि बाईंसोबत निघालो.

गावंडे सर स्वभावाने बरे होते, पण भांडणाला फार भीत. निमकर सर आवाज न चढवता बोलत आणि त्यामुळे समोरच्याला जास्त घाम फुटे. शिवाय बाईंची फाइल ज्या समितीपुढे जायची तिच्यावर निमकर होते. ही गोष्ट खोलीतल्या चौघांनाही माहीत होती, आणि कुणी बोलून दाखवली नाही.

मी छापलेला कागद टेबलावर ठेवला. निमकरांनी चष्मा काढून तो वाचला.

“पाच दिवसांचं गणित गेलं,” ते म्हणाले. “शनिवारी साडेपाच. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. घाई असणार, समजू शकतो मी.”

बाईंची मान ताठ झाली. “जयंती रविवारी व्हती, सर. शनिवारी मी साडेपाचले निंगाली. रोजच्यासारखी. त्याच्या आधी टेप काढली, लेबल लावलं, मंग निंगाली.”

“मग ठेव का नाही लावलं?”

“मंगळवारी लावलं होतं. रोज लावा लागत नाही. परचुरे सरायनं सांगतलं होतं, एकदा लावलं का पुरे.”

गावंडे सर माझ्याकडे वळले. “असं सांगितलं होतंस?”

सांगितलं होतं. काम चालू करण्याच्या आदल्या दिवशी, मशीनच्या खोलीत, बाईंच्या शेजारी उभा राहून. मला ते स्वच्छ आठवत होतं. त्या वेळी माझ्या हातात फुटाण्यांची पुडी होती हेसुद्धा आठवत होतं. पण टेबलावर माझ्याच शेलने छापलेला कागद पडला होता आणि त्यावर ‘ठेव नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ‘हो’ म्हणालो की पुढचा प्रश्न माझ्या शेलला विचारला जाणार होता, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

“नक्की आठवत नाही,” मी म्हणालो. “पण रोज लावायला तशी काही हरकत नव्हती.”

बाईंच्या मांडीवर त्यांची लांबट वही होती. जुन्या पद्धतीची, कापडी पाठीची. दिवसभरात केलेल्या प्रत्येक गोष्टीची वेळ त्या तीत लिहीत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, पहिल्या दिवसापासूनची सवय म्हणून. त्यांनी वही उघडली, काही पानं मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, निदान मला तसं वाटलं. मी कागदाकडे बघत राहिलो.

त्यांनी वही मिटली. “मंग माहीच चूक असन,” त्या म्हणाल्या.

निमकर उठले. गावंडे सरांनी बाईंना जायला सांगितलं आणि मला थांबवून घेतलं.

“मेमो द्यावा लागेल,” सर म्हणाले. “निमकर ऐकायचे नाहीत. तू चार वाजेपर्यंत तांत्रिक अहवाल दे. अर्ध्या पानाचा. कागद जोड.”

“मेमो फाइलला लागला तर गुरुवारी…”

“मग मी काय करू, सांग. मशीनच सांगतंय ना?”

मशीनच सांगत होतं. मी टेबलाशी येऊन अहवाल लिहायला बसलो. पहिली तीन वाक्यं झरझर उतरली. चौथ्या वाक्यात असं लिहायचं होतं की ठेव लावलेलं काम बाहेर पडल्यावरही चालू राहतं हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं आहे. म्हटलं, लिहायचंच आहे तर एकदा तपासू. एक फालतू काम सुरू केलं, ठेव लावलं, बाहेर पडलो, परत आत आलो. काम चालू होतं. छान. मग बाईंचा शनिवार डोळ्यांसमोर आणला. त्या आठवड्यात फक्त शनिवारीच दुपारी गुणपत्रिका आल्या होत्या, म्हणजे त्यांनी कामं झोपवली असणार. पुन्हा काम सुरू केलं, ठेव लावलं. थांब दिलं, चाल दिलं. बाहेर पडलो, आत आलो. यादी रिकामी होती.

मी शेलचा मजकूर, म्हणजे मी लिहिलेल्या त्याच्या सगळ्या ओळी, उघडला.

कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. थांबलेलं काम ‘चाल’ म्हटल्यावर पुन्हा उठे तेव्हा माझा शेल त्याची यादीत नव्याने नोंद करी. नव्या नोंदीत कामाचं नाव येई, क्रमांक येई, मालक येई. ठेवची खूण मात्र येत नसे. ती उतरवून घेणारी एक ओळ मी लिहायची विसरलो होतो. ठेव मी तपासलं होतं, थांब-चालही तपासलं होतं, प्रत्येकी वीस-वीस वेळा. पण दोन्ही एकाच कामावर कधीच नाही. यादीत ठेवची खूण दिसायची सोयही मी केली नव्हती, त्यामुळे ती गेली हे बाईंना दिसणार कसं? शनिवारी त्यांनी सगळं बरोबर केलं होतं, आणि माझ्या शेलने त्यांनी न केलेली चूक त्यांच्या नावावर लिहून ठेवली होती.

त्यानंतर मी जे केलं ते हातांनीच परस्पर केलं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. मी ती ओळ लिहिली. नवा शेल तयार केला आणि जुन्याच्या जागी बसवला. मशीनमध्ये जागेची नेहमी ओढाताण, म्हणून जुना शेल आणि त्याचा मजकूर, दोन्ही पुसून टाकले. पुन्हा तपासलं. काम ठेवसकट झोपलं, ठेवसकट उठलं. दोन वाजायला दहा कमी होते. जगात आता कुणालाही ती चूक सापडली नसती.

अहवालाचं चौथं वाक्यही आता खरं झालं होतं. ते लिहायला मी पेन उचललं आणि ठेवलं. शनिवारच्या नेमक्या वेळा लागतील असं स्वतःला सांगून मी मशीनच्या खोलीकडे गेलो. दारात फक्त बाईंच्या चपला होत्या.

आत त्या गुणपत्रिकांचा कागद छपाईयंत्रात लावत होत्या.

“बाई, वही बघू जरा. अहवालासाठी वेळा हव्यात.”

“घ्या ना,” त्या म्हणाल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

शनिवारचं पान सापडलं. १-०५ सगळे थांब. २-२० सगळे चाल. ४-४० टेप. ५-३० बाहेर. मग मी त्यांनी सकाळी ज्या पानावर बोट ठेवलं होतं तिथे गेलो. ते पान होतं ८ एप्रिलचं. ‘परचुरे सर : ठेव एकदा लावलं की पुरे. मधात थांब-चाल केलं तरी राहते का? विचारलं. हो म्हणाले. पुन्हा विचारलं. हो म्हणाले.’

फुटाण्यांची पुडी मला आठवत होती. त्यांनी हे दोनदा विचारलं होतं, हे मात्र आठवत नव्हतं. मला न सुचलेली तपासणी बाईंना आठवडाभर आधीच सुचली होती, आणि मी फुटाणे खात दोनदा हो म्हणालो होतो.

“तुम्ही सकाळी हे दाखवलं का नाही?” मी विचारलं.

“काय दाखवू?” बाईंनी कागदाची कड नीट केली. “वही माही, अक्षर माहं. तुमचा कागद मशीननं छापलेला. मोठे सर कोनाचं मानतीन?”

“पण तरी…”

“अन् तुम्ही समोर होते ना. मले वाटलं, तुम्हीच सांगसान. वही कायले पाह्यजे?” त्या आता माझ्याकडे वळल्या. “तुम्ही आठवत नाही म्हनले. मंग मी मिटली.”

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की वही परत देताना त्यांच्याकडे बघवेना.

मी तडक गावंडे सरांच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं. चूक शेलची आहे, माझी आहे, बाईंनी ठेव लावलं होतं. सर ऐकत होते आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू येत होतं.

“बस,” ते म्हणाले. “पाणी पी. तायडेबाईंची कीव आली ना तुला? मलाही येते. पण असं अंगावर घेऊ नये.”

“कीव नाही, सर. खरंच चूक आहे.”

“दाखव बरं.”

सरांच्या खोलीत टर्मिनल होतं. मी काम सुरू केलं, ठेव, थांब, चाल. बाहेर पडलो, आत आलो. काम ठणठणीत चालू होतं. व्हायचंच ते. तासाभरापूर्वी मीच ते दुरुस्त केलं होतं.

“चालतंय की,” सर म्हणाले.

“मी दुरुस्त केलं, सर. आत्ताच.”

“मग जुना दाखव.”

“पुसला.”

सरांनी खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे पाहिलं. “परचुरे, उद्या निमकरांना मी काय सांगू? चूक होती, पण आमच्या माणसाने ती पुसली? ते म्हणतील तुम्ही सगळे मिळून बाईला वाचवताय. मग मेमो राहील बाजूला, वेगळंच लचांड होईल. तू अहवाल दे. बाईंचं पुढच्या वर्षी पाहू.”

पुढचं वर्ष म्हणजे आणखी बारा ऑर्डरी, आणि त्यानंतर समितीवर पुन्हा निमकरच. मी बाहेर आलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझी चूक हवी होती, आणि ती मी अगदी स्वच्छ पुसून टाकली होती. व्हरांड्यात उन्हाची झळ लागत होती. मी तिथेच उभा राहून डोकं चालवायचा प्रयत्न करत होतो, आणि बाईंचं सकाळचं एक वाक्य आठवलं. टेप काढली, लेबल लावलं, मंग निंगाली.

दर शनिवारी मशीनवरचं सगळं टेपवर उतरवून ठेवायचा नियम होता. इतर ठिकाणी तो नियम कागदावर असतो. आमच्याकडे तो तायडेबाईंकडे होता. मी पळत मशीनच्या खोलीत गेलो. घाईत बूट काढायचे राहिले.

“बूट, सर,” बाई म्हणाल्या.

मी परत दारात जाऊन बूट काढून आलो. “शनिवारची टेप आहे?”

“आहे ना. ती कुठी जाते?” त्यांनी कपाट उघडलं. एकासारखी एक लेबलं लावलेल्या टेपांची रांग होती. “काहून? काय गेलं?”

“चूक गेली आहे,” मी म्हणालो. “परत आणायची आहे.” आणि त्यांना सगळं सांगितलं. कुठली ओळ राहिली होती, ते मला कधी कळलं, मी काय पुसलं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. फक्त शेवटी म्हणाल्या, “म्हणजे झोपीतून उठवलं का विसरत होतं ते.” तीन महिन्यांत माझ्या शेलचं इतकं नेमकं वर्णन मीसुद्धा केलं नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी टेप लावली. जुना शेल परत यायला वीस-बावीस मिनिटं लागली. तोवर मी जाऊन गावंडे सरांना आणि त्यांच्याकरवी निमकरांनाही बोलावून आणलं. निमकर मशीनच्या खोलीत कधी येत नसत, माणूस पाठवत. दारात खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडताना ते पहिल्यांदाच जरा वयस्कर वाटले. गावंडे सरांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. गार फरशीवर आम्ही चौघे बूट-चपलांविना उभे होतो.

“मी नाही करत,” मी म्हणालो. “बाई करतील. मी केलं तर म्हणाल, यानेच काहीतरी केलं.”

बाई बसल्या. टेपवर शनिवारची तारीख होती, लेबलावर त्यांची सही होती. ते लेबल त्यांनी आधी निमकरांना दाखवलं. मग नुसते आकडे मोजत बसणारं एक काम सुरू केलं. ठेव. थांब. चाल. बाहेर पडल्या, पुन्हा आत आल्या. यादी मागवली. यादी रिकामी आली आणि खाली शेलने लिहिलं, ठेव नाही, म्हणून बंद.

“पुन्हा,” निमकर म्हणाले.

बाईंनी पुन्हा केलं, या वेळी मधे थांब-चाल न देता. काम राहिलं. तिसऱ्यांदा थांब-चाल देऊन केलं. काम गेलं.

निमकरांनी वाकून पडद्यावरची ओळ वाचली. “म्हणजे मंगळवारी ठेव लावलेलं होतं.”

“तसंच दिसतंय,” गावंडे सर म्हणाले.

“तसंच आहे,” मी म्हणालो.

सर माझ्याकडे वळले. दुपारचं समजूतदार हसू आता त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. “हे तुला कधी कळलं?”

“दीडच्या सुमारास.”

“ते शेलचं. पण सकाळी मी तुला वेगळंच विचारलं होतं. एकदा लावलं की पुरे, असं सांगितलं होतंस का. तू म्हणालास, आठवत नाही.”

खोलीत यंत्रांची घरघर होती. बाई टेप काढायला उठल्या होत्या, त्यांची पाठ आमच्याकडे होती. शेलची चूक कबूल करणं मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं होतं. चुका होतात, प्रोग्रॅममध्ये तर होतातच. हे तसलं नव्हतं.

“आठवत होतं, सर,” मी म्हणालो.

“सकाळीच?”

“सकाळीच.”

बाईंचा हात टेपवर क्षणभर थांबला आणि मग त्यांनी ती काढून डबीत ठेवली. निमकर दारापर्यंत गेले, तिथून म्हणाले, “माझं काम आजच पुन्हा सुरू करा. पंचवीसपर्यंत झालं तरी मला पुरे.” मग थोडं थांबून म्हणाले, “तायडेबाईंनाच करू द्या.” माफी त्यांनी मागितली नाही. नाड्या बांधून गेले.

मेमो निघाला नाही. गुरुवारी फाइल पुढे गेली आणि दिवाळीच्या आधी बाई कायम झाल्या. त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिले, इतरांइतकेच. शेल मी सुधारला. यादीत ठेवची खूण दिसायची सोय केली, आणि नवी सोय केली की आधी बाईंकडे नेऊन म्हणायचो, मोडून दाखवा. त्यांनी अकरा वेळा मोडून दाखवला. गावंडे सर माझ्याशी पूर्वीसारखेच वागत, फक्त मी काही सांगितलं की एकदा बाईंकडे बघत. डिसेंबरमध्ये माझा करार संपला आणि वाढवला गेला नाही. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी माझ्या जागी येणाऱ्या माणसासाठी मी हुकूम उतरवून घेत होतो. कुठल्या हुकुमाने काय होतं हे माझ्या कागदांपेक्षा बाईंच्या वहीत नीट लिहिलेलं होतं, म्हणून ती मागून घेतली. चाळता चाळता १५ एप्रिलचं पान आलं. नेहमीचंच अक्षर, नेहमीसारख्याच वेळा.

‘१०-२५ निमकर सरांचं काम यादीत नाही. ११-१५ मोठ्या सरांनी बोलावलं. ११-३० परचुरे सरांना आठवत नाही. ४-१० टेप लावली. ४-५० परचुरे सरांना आठवलं.’